फुलांच्या प्रदर्शनाची टेप

आमचं टीव्ही केंद्र विकलं गेल्याचं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं, तेव्हा सगळ्यांना आपापल्या नोकरीची भीती वाटली. मला नोकरीची आठवणही झाली नाही. मी तिथे टेपा सांभाळायचे, आणि माझी भीती तिसऱ्या कपाटात, वरून दुसऱ्या फळीवर, लाल ठिपक्याच्या एका डब्यात आठ वर्षं बसून होती.

मी मुळातच भित्री. आई म्हणायची, हिला स्वतःच्या सावलीनं हटकलं तरी ही माफी मागेल. पण तो आठवडा आठवला की अजून हाताला घाम सुटतो. नव्या कंपनीची चार माणसं आकड्यांच्या चिकटपट्ट्या घेऊन आली आणि दिसेल त्या वस्तूवर आकडा डकवत सुटली. खुर्च्या झाल्या, दिवे झाले, भिंतीवरचं घड्याळ झालं, चहाची किटलीही सुटली नाही. आमचा कॅमेरामन लांबू (साडेसहा फूट होता, दुसरं काय म्हणणार) सगळ्यांना सांगत फिरला, "एका जागी फार वेळ उभे राहू नका रे, आपल्यालाही लावून टाकतील." सगळे हसले, मीही हसले. मग टेपांच्या खोलीत जाऊन तिसऱ्या कपाटाला पाठ लावून उभी राहिले, जणू ते पळूनच जाणार होतं.

त्या डब्याचं आधी सांगते. टेप महाग, म्हणून आमच्याकडे एकच टेप पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत होती. बाहेर जाऊन केलेलं कच्चं चित्रण महिनाभर ठेवायचं, मग दर शुक्रवारी पुसायचं. त्यासाठी एक लोखंडी पेटी होती, पोटात मोठं चुंबक. तिला आम्ही पुसणी म्हणायचो. हातातलं घड्याळ काढून ठेवायचं, टेप पेटीवर ठेवायची, गोल फिरवायची, दहा सेकंद घुंग्ग आवाज, की टेप कोरी. जी कधीच पुसायची नाही, तिच्या डब्यावर लाल ठिपका. ठिपका डब्यावरच, टेपेवर नाही, कारण चिकटवलेला कागद यंत्रात सुटला की यंत्र अडकतं. टेपेवर फक्त बारीक अक्षरात आकडा. डब्यातून बाहेर आल्या की सगळ्या टेपा बहिणी-बहिणी.

नियम असा होता, की आधी आकडा वाचायचा, वहीत खूण करायची, मग पुसायची. मी उलटं करायचे. त्या चुंबकाच्या आवाजानं माझं डोकं भणभणायचं, म्हणून आधी सगळ्या टेपा एका दमात पुसून टाकायचे आणि मग निवांत बसून आकडे लिहायचे. कुणी बघत नव्हतं. अकरा महिने काही बिघडलं नाही. बाराव्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मी चौदा टेपा पुसल्या, आकडे लिहायला बसले, आणि नवव्या आकड्याशी पेन थांबलं. तो आकडा मला पाठ होता. ती ताईच्या मिस्टरांची टेप होती.

ताईचे मिस्टर आमचे कॅमेरामन होते. मी त्यांना पाहिलेलं नाही. फुलांच्या प्रदर्शनाचं चित्रण करून परतताना गाडीला अपघात झाला आणि ते गेले. टेपेला ओरखडासुद्धा आला नाही. मोठ्या साहेबांनी तिच्यावर स्वतःच्या हातानं लाल ठिपका लावला आणि ताईला नोकरी दिली. निवेदकांना पडद्यावर वाचायला मोठ्या अक्षरात बातम्या लागतात, त्या टाइप करायचं काम. मी आणि ती एकाच आठवड्यात लागलो. तिच्या कडेवर तेव्हा दीड वर्षाची मुलगी होती. आणि जवळपास वर्षानं, त्यांना श्रद्धांजली म्हणून दाखवायला त्या टेपेतली दोन दृश्यं कुणीतरी काढून घेतली आणि टेप डब्यात न ठेवता माझ्या ढकलगाडीवर टाकून दिली. मी पुसली. कुणीतरी टाकली हे खरं, पण वाचायचं काम माझं होतं.

पुढच्या महिन्यात मला नोकरीत कायम करणार होते. मी एक कोरी टेप घेतली, तिच्यावर तोच आकडा लिहिला, लाल ठिपक्याच्या डब्यात घातली आणि डबा फळीवर ठेवला. अक्षर छान आलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या टेपेत विशेष काय होतं, तर काही नाही. फुलं. पण कच्च्या चित्रणात कॅमेरामनचा आवाज येतो. तो लोकांना बाजूला व्हायला सांगतो, स्वतःशी पुटपुटतो, गुणगुणतो. कार्यक्रम करताना ते सगळं कापून टाकतात. ताई मला एकदा डबा खाताना म्हणाली होती, "घरी ह्यांचा आवाज कुठेच नाही गं. जन्मभर लोकांचे आवाज गोळा केले, आपला एकदाही ठेवला नाही." त्यांच्या बाकीच्या टेपा तर नियमाप्रमाणे केव्हाच पुसल्या गेल्या होत्या. उरली होती ती एकच.

दरवर्षी त्या तारखेच्या आसपास ताई माझ्या खोलीच्या दारात यायची. कपाटाकडे बघायची आणि म्हणायची, "यंदा नको. पुढच्या वर्षी ऐकेन." मी म्हणायचे, "घाई काय आहे ताई? टेप कुठे पळून जातेय?" असं बोलताना माझी जीभ झडली कशी नाही, देव जाणे. आम्ही रोज एकत्र डबा खायचो. तिची मुलगी मला मावशी म्हणायची, माझ्या खोलीत बसून गृहपाठ करायची, कधीकधी तिसऱ्या कपाटाला टेकून. माझ्या तोंडात घास फिरायचा.

विक्रीनंतरच्या सोमवारी नव्या कंपनीचा यादीवाला माझ्या खोलीत आला. बारीक आवाजाचा, सभ्य माणूस. त्याच्या सभ्यपणानंच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, लाल ठिपक्याच्या सगळ्या टेपा शनिवारी मुख्य कचेरीत जातील, त्याआधी मी प्रत्येक टेप अर्धा मिनिट चालवून बघणार आहे. आज-उद्या पहिलं कपाट, बुधवारी दुसरं, गुरुवारी तिसरं.

दुपारी ताई डबा न उघडताच म्हणाली, "टेपा जाणार म्हणे."

"हो."

"मग आता पुढच्या वर्षी म्हणून चालायचं नाही. गुरुवारी चारला पोरीची शाळा सुटते, तिला घेऊनच येते. दहा वर्षांची होऊन गेली, बापाचा आवाज कसा होता म्हणून विचारते. मी काय सांगणार? आवाज काय सांगून कळतो? आणि हे बघ, आम्हाला एक प्रतही करून दे."

"ताई, ती टेप..."

"काय?"

"जुनी झालीय. आवाज खरखरेल."

"खरखरू दे," ताई म्हणाली आणि डबा उघडला.

सांगायचं म्हणून मी तिच्या टेबलाशी मंगळवारी दोनदा गेले. एकदा तिच्या हातात दुपारच्या बातम्या होत्या, एकदा तिनं माझ्याकडे बघून हसून खुर्ची सरकवली. दोन्ही वेळा मी टाचणी मागून परत आले. माझ्या टेबलावर टाचण्यांचे दोन डबे होते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते ऐकलं होतं. मी तर दोन्हीत एकदम पडायला निघाले होते. गुरुवारी सकाळी यादीवाला कोरी टेप लावणार आणि दुपारी ताई.

मंगळवारी संध्याकाळी ढकलगाडीकडे बघताना मला ते सुचलं. विक्रीची बोलणी सुरू झाल्यापासून पुसणी बंद होती, वरूनच हुकूम होता. त्यामुळे दोन महिन्यांच्या कच्च्या टेपा तशाच पडल्या होत्या, आणि त्यांत यंदाच्या फुलांच्या प्रदर्शनाची टेप होती. तोच हॉल, तीच हिरवी टेबलं. चित्रण आमच्या लांबूचं.

मी गाडीच्या चालकाला गाठलं. तो सगळ्यांत जुना. सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताईच्या मिस्टरांचा आवाज कसा होता हो?"

"होता आपला, माणसासारखा." मग डोकं खाजवून म्हणाला, "लांबूसारखाच जरा. लांबू त्यांच्याच हाताखाली शिकला ना. बोलायची तऱ्हा तीच. का गं?"

"काही नाही," मी म्हटलं. पोरगी शाळेतून यायची तेव्हा लांबू बाहेर चित्रणाला असायचा, तिनं त्याचा आवाज कधी ऐकला नव्हता.

बुधवारी दुपारी सगळे नव्या मालकांचं भाषण ऐकायला खाली गेले, तेव्हा मी दोन यंत्रं जोडून ती टेप दुसरीवर उतरवली. जिथे यंदाचं साल लिहिलेला फलक दिसत होता तो भाग गाळला, आमची नवी निवेदिका दिसत होती तोही गाळला. सोळा मिनिटं उरली. टेपेवर जुना आकडा लिहिला, आणि ती लाल ठिपक्याच्या डब्यात गेली. खालून टाळ्यांचा आवाज आला तेव्हा मी दचकून यंत्रावर आपटले.

गुरुवारी यादीवाल्यानं ती लावली. पडद्यावर शेवंती आली. "फुलं," तो म्हणाला आणि खूण केली. चोराच्या मनात चांदणं, मला गप्प बसवेना. न विचारताच म्हटलं, "नऊ वर्षांपूर्वीची आहे, पण रंग चांगले राहिलेत, नाही?" त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं कोण जाणे. मग पुढचा डबा मागितला.

बरोबर चारला ताई मुलीला घेऊन आली. मुलीचे केस नीट विंचरलेले, स्वतः इस्त्रीची साडी नेसलेली. टेप बघायच्या खोलीत दोन खुर्च्या आणि कानाला लावायचे दोन फोन होते. मी दोघींच्या कानांवर ते चढवले आणि मागे उभी राहिले. मला काहीच ऐकू येणार नव्हतं. पण टेप मला पाठ होती. शेवंती संपून गुलाब सुरू झाले की आवाज येतो, "काकू, थोडं मागे. हां, बास."

गुलाब सुरू झाले. ताईच्या पाठीकडे मी बघत होते. ती पाठ ताठ झाली. मग तिनं दोन्ही हातांनी कानांवरचे फोन काढले आणि मांडीवर ठेवले, हळूच, काचेचे असल्यासारखे. मागे वळून बघितलं नाही. पळून जावं असं वाटलं आणि पळताही येईना.

मुलगी पडद्याला नाक लावून बसली होती. तोंड उघडं, डोळे मोठे. मधेच खुदकन हसली.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि दार उघडलंच. दारात लांबू. "अगं टेपवाले, माझी ती..." एवढंच तो बोलला. ताई उठली. इतक्या झटकन उठलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. तिनं लांबूच्या तोंडावर हात ठेवला, अक्षरशः तोंडावर, त्याला बाहेर ढकललं आणि दाराला आतून कडी घातली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला नुसतं 'हे नव्हेत' एवढंच नाही, कोण आहे तेही कळलंय.

मुलीनं कानांवरचा फोन एका बाजूनं उचलला. "आई, बाबांना शिंका येतायत! फुलांनी. सारख्या. मला येतात तशाच. तू म्हणायचीस ना, हे कुणाकडून आलं कळत नाही?"

मी डोळे मिटून घेतले.

"हो," ताई म्हणाली. "त्यांच्याचकडून आलं. ऐक तू, पूर्ण ऐक."

मुलीला आत ठेवून तिनं मला जिन्यात नेलं. तिथे खिडकीतून दिसत होतं, खाली दोघंजण आमच्या केंद्राची पाटी उतरवत होते.

"आमची टेप कुठाय?" तिनं विचारलं.

"पुसली गेली. मीच पुसली, चुकून. पहिल्याच वर्षी."

ती पायरीवर बसली. "पहिल्या वर्षी. म्हणजे मी दरवर्षी दारात येऊन पुढच्या वर्षी म्हणायचे, तेव्हा तू..."

"हो, ताई."

"मी का नको म्हणायचे माहितेय तुला? रडू येईल म्हणून नाही. मला भीती होती, की ऐकेन आणि ओळखूच येणार नाही. विसरलेच असेन तर? नऊ वर्षं झाली." ती हातातल्या रुमालाची घडी करत होती, उलगडत होती. "आज दोन शब्दांत कळलं, हे ते नव्हेत. म्हणजे विसरले नव्हते. आणि आता ते पडताळून बघायला काहीच राहिलं नाही."

मी तिच्यासमोर खाली बसले आणि रडायला लागले. म्हटलं, "मी आत्ता जाऊन पोरीला खरं सांगते."

"तू काही सांगायचं नाहीस." आवाज चढला नव्हता. "तिला बाप मिळालाय, तो तू आता काढून घेणार? आठ वर्षं जमलं ना गप्प बसायला? मग आता जन्मभर बस."

ती उठून आत गेली. मी प्रत करून दिली.

नव्या कंपनीनं आम्हा दोघींनाही ठेवलं. डबा आम्ही पुढेही एकत्रच खाल्ला. खाल्ला नसता तर मुलीनं कारण विचारलं असतं. तो विषय ताईनं पुन्हा काढला नाही. मात्र लांबूशी तिनं संबंध तोडला. तो बिचारा शेवटपर्यंत विचारत राहिला, मी असं काय केलं, चूक झाली असेल तर सांगा. मुलगी केंद्रात आली की आम्हा दोघींचं पहिलं काम, लांबू कुठे आहे ते बघणं. पुढे तो दुसरीकडे नोकरीला गेला तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला. मुलगी ती टेप ऐकत मोठी झाली. डॉक्टरांना सांगायची, शिंका वडिलांकडच्या. माझ्यासमोर सांगायची, आणि मी मान डोलवायचे. भीतीची सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

ताई गेल्या महिन्यात गेली. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मला जवळ बोलावून म्हणाली, "लांबूला कळलं की तो येईल. चांगला माणूस आहे, आल्याशिवाय राहायचा नाही. तू दारात थांब." मला वाटलं होतं, जाताना तरी मला माफ केलं म्हणेल. तिनं मला काम सांगितलं.

ती गेल्यावर मी चार दिवस तिच्या घराच्या दारात थांबले. येईल त्याला पाणी दिलं, बसवलं, उठवलं. पाचव्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "मावशी, तू दोन घास तरी खाऊन घे," आणि मी स्वयंपाकघरात गेले. पहिलाच घास हातात होता आणि बाहेरून आवाज आला.

"वाईट झालं, पोरी. मी तुझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलो."

मी तशीच उष्ट्या हातानं बाहेर धावले. लांबू सतरंजीच्या कडेला उभा होता, म्हातारा, जरा वाकलेला. आवाज मात्र तसाच. मुलगी भिंतीशी बसली होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"लांबू, तुम्ही जरा बाहेर..." मी म्हटलं.

"नको, बसा ना काका," मुलगी म्हणाली. "बोला काहीतरी. काहीही बोला."

लांबू गोंधळला, खाली बसला, आणि तिच्या बाबांविषयी बोलू लागला. ते कसे शिकवायचे, कसे रागवायचे. ती ऐकत होती, एकेक शब्द. पण बघत होती ती माझ्याकडे.